कृष्णविवरातून आलेला आकडा

अतिथंड वायूंवर प्रयोग करणारे आज ज्या एका आकड्याशी आपली मोजमापं ताडून पाहतात, त्याचं कूळ कृष्णविवरात आहे.

या कुळाचे मूळपुरुष जेकब बेकेनस्टाइन. कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे आत दडलेल्या माहितीचं माप, त्याच्या घनफळावर नाही, पृष्ठफळावर ठरते, असं त्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. पुढे हॉकिंग यांच्या गणितातून त्यातला १/४ हा गुणक पक्का झाला. १९९३ मध्ये गेरार्ड ट हूफ्ट यांनी कल्पना विस्तारली: अवकाशाच्या एखाद्या भागातली सगळी माहिती त्याच्या सीमेवर मावते. लेनर्ड ससकिंड यांनी हा होलोग्रामचा विचार पुढे नेला आणि १९९७ मध्ये हुआन माल्डासेना यांनी त्याचं नेमकं गणिती उदाहरण दिलं. कणांच्या तीव्र आंतरक्रियेमुळे जे गणित सीमेवर सुटत नाही, ते आतल्या गुरुत्वाकर्षणात सोपं होतं.

२००१ मध्ये पोलिकास्ट्रो, सोन आणि स्टारिनेट्स यांनी या वाटेने एका द्रवाची विष्यंदिता, म्हणजे थरांमधलं घर्षण, काढली. ती या द्रवाचं आतलं प्रतिरूप असलेल्या कृष्णविवराच्या पृष्ठफळाच्या १/१६π पट येते आणि एन्ट्रॉपी १/४ पट. भागाकारात पृष्ठफळ उडून जातं आणि नैसर्गिक एककांत उरतं १/४π, म्हणजे सुमारे ०.०८. कोणत्याही द्रवात हे गुणोत्तर याहून खाली जाणार नाही, असा अंदाज कोव्हटुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी २००५ मध्ये बांधला.

त्याआधीच, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या गटाने लिथियम-६च्या अणूंचा सिगारच्या आकाराचा ढग लेझरच्या सापळ्यातून मोकळा सोडला होता. चुंबकीय क्षेत्र असं लावलं होतं, की अणूंची आंतरक्रिया तीव्र व्हावी. ढग लांबीत जवळजवळ तेवढाच राहिला, आडवा मात्र झपाट्याने फुगला. हे वागणं घर्षण अत्यल्प असलेल्या द्रवाचं. पुढच्या मोजमापांत त्याचं किमान गुणोत्तर १/४πच्या सुमारे पाचपट आलं. पाण्याचं त्याहून कितीतरी जास्त असतं.

या घराण्याची एक शाखा मुंबईत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शिराज मिनवाला आणि सायंतनी भट्टाचार्य यांनी हुबेनी व रंगमणी यांच्यासह २००८ मध्ये दाखवलं, की आइनस्टाइनच्या समीकरणांतूनच द्रवगतिकीची समीकरणं पद्धतशीरपणे निघतात.

लिथियम वायूचं नेमकं गुरुत्वीय प्रतिरूप अजून हाती आलेलं नाही. १/४πच्या खाली जाणारे सिद्धांतही नंतर सापडले, म्हणून त्याला निसर्गनियम म्हणता येत नाही. पण तीव्र आंतरक्रियेच्या द्रवांना एक समान मापदंड मिळाला, तो याच आकड्यामुळे.