घरातला विषाचा डबा



आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर मारावयाच्या विषाला कोणी विष म्हणत नाही. ‘धनी वावरात औषध मारायला गेले’ असे घरची माणसे सहज सांगतात. शेतमजुरांच्या संघटनेत माझी उमेद गेली. शाळेत शिकलो थोडे, कचेरीतल्या वर्तमानपत्रांवर शिकलो अधिक. तरी या ‘औषध’ शब्दाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. त्याचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी माणसे घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारू लागली. हिवताप पुष्कळ हटला, हा उपकार नाकारण्यात अर्थ नाही. पण फवारणीचा पंप घेऊन दारी आलेला हा माणूस आरोग्याचे काम करणारा होता. त्याने आणलेले द्रव्य औषध वाटले यात नवल ते काय? पुढे पंप वावरात गेला आणि नाव तेच राहिले. हा आपला माझा तर्क; भाषापंडितांनी तपासून पाहावा.

१९५८ साली केरळात फॉलिडॉल या कीटकनाशकाने दूषित झालेले पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली. विष आणि अन्न यांची वाहतूक एकत्र झाली होती. त्यावर चौकशी झाली, आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. १९७१ च्या नियमांनी डब्यावर रंगीत चौकट आणली: तांबडी सर्वांत जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. ‘मुलांच्या हाती लागू देऊ नये’ हे वाक्यही आले. रिकामा डबा फोडून वस्तीपासून दूर पुरावा, असेही नियम सांगतो.

नियम उत्तम आहे. पण तो कोणत्या घराकडे पाहून लिहिला?

एका सालदाराच्या एकखणी घरी मी बसलो होतो. भिंतीच्या खुंटीला अर्धा भरलेला डबा टांगलेला, आणि बरोबर त्याखाली पाळणा. मी बोललो, तर ती माउली म्हणाली, “लेकराच्या हाताले लागू नये म्हनून वर टांगला, भाऊ.” चिठ्ठी न वाचता तिने नियम पाळला होता! दुसरा, रिकामा डबा धुऊन त्यात वावरात न्यावयाचे पाणी भरले होते. इतक्या घट्ट झाकणाचा डबा विकत घ्यावयाचा तर पैसे पडतात.

मुलाला याचा धोका जास्त का? मेंदूचा हुकूम नसांतून स्नायूंकडे जातो. काम झाल्यावर तो थांबविणारे एक द्रव्य शरीरात असते. मोनोक्रोटोफॉससारखी विषे नेमके तेच निकामी करतात. मग लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसाहून जास्त श्वास घेते, जास्त पाणी पिते; शिवाय ते जमिनीवर रांगते आणि हात तोंडात घालते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. भाजीपाल्यावर वापरण्यास त्या विषाला २००५ पासूनच बंदी होती. त्याच्या छत्तीस टक्के द्रावणावर बंदी यावयास २०२३ उजाडले.

२०१७ चा पावसाळा आपण सर्वांनी पाहिला आहे. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, कीड अनावर, हवा दमट. त्यात दोन-तीन विषांचे मिश्रण. जिल्ह्यात वीसच्या वर माणसे गेली, शेकडो इस्पितळात पडली. सरकारने विशेष पथक नेमले. आम्ही मोर्चे काढले, हातमोजे आणि तोंडावरचे मुखवटे मागितले. पण आमच्या नोंदवहीत फवारणाऱ्याचेच नाव होते. त्याचा भिजलेला सदरा कोणी धुतला, तो कोणत्या बादलीत, आणि त्याच बादलीने मागून कोणाला आंघोळ घातली, हा रकाना वहीत नव्हता. चूक आमची होती. मजुरी मोजावयाची सवय लागलेल्या माणसाला मजुरी न मिळविणारे पोर दिसतच नाही.

आता तो रकाना घातला आहे. घरात शिरल्यावर डबा कोठे आहे ते आधी पाहतो. कृषी केंद्रवाल्यांपुढे एक साधी मागणी ठेवली आहे: सोड्याच्या बाटलीप्रमाणे डब्यावर अनामत घ्यावी आणि रिकामा डबा परत आला की ती फेडावी. आमच्याकडे डबे मोजावयास माणसे तयार आहेत. दुकानदारांनी पेरणीपूर्वी उत्तर देतो म्हणून सांगितले आहे.