डाव्या कानाची साक्ष

गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोबाइलच्या दुकानातून मी वायरवाले इअरफोन घेतले. कानाच्या आत बसणारे, रबरी बोंडाचे. किंमत अडीचशे रुपये. घरी येऊन जुन्या नाट्यगीतांचं ध्वनिमुद्रण लावलं, तर गाणारी बाई मधोमध नाही, उजवीकडे सरकून बसलेली. जुनी ध्वनिमुद्रणं एकाच वाटेची असतात, दोन्ही कानांना सारखाच आवाज जातो. तो डोक्याच्या बरोबर मध्यभागी ऐकू यायला हवा. मी इअरफोन परत केले. दुकानातल्या पोरानं कुरकुर न करता दुसरे दिले. तेही उजवीकडेच झुकलेले. मग मात्र मी त्याला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, ‘‘काका, अडीचशेत आणखी काय मिळणार?’’ मला ते पटलं आणि सहाशेचे घेतले. बाई उजवीकडेच.

माझी मुलगी हे सगळं बघत होती. ती म्हणाली, ‘‘अब्बा, एकदा उलटे घालून बघा ना. डाव्याचा उजव्यात, उजव्याचा डाव्यात.’’ मी घातले. त्यातून काय निघालं ते पुढे येईलच. पण त्या निमित्तानं या एवढ्याशा वस्तूच्या मागे लागलो आणि तिचा इतिहास आपल्या समजुतीपेक्षा बराच जुना निघाला.

सुरुवात पॅरिसमध्ये, १८८१ साली. त्या वर्षी तिथं विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या अभियंत्यानं ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनची ध्वनिग्राहकं मांडली आणि तिथून तारा थेट प्रदर्शनाच्या दालनापर्यंत आणल्या. लोक रांगेत उभे राहत, दोन्ही हातांनी दोन श्रवणयंत्रं दोन कानांशी धरत आणि दूरवर चाललेलं गाणं ऐकत. डावा आणि उजवा आवाज वेगळा ऐकण्याचा अनुभव माणसाला बहुधा तिथंच पहिल्यांदा आला. व्हिक्टर ह्यूगो तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. त्यानंही हा चमत्कार कानांनी अनुभवला आणि टिपून ठेवला. पुढे १८९० मध्ये याच कल्पनेवर ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनी निघाली. नाणं टाका आणि पाच मिनिटं नाटक ऐका. ज्यांना परवडे त्यांना घरबसल्या वर्गणीही भरता येई. आजारी, घराबाहेर सहसा न पडणारा कादंबरीकार मार्सेल प्रूस्त असाच एक वर्गणीदार होता. अंथरुणात पडून तो ऑपेरा ऐके.

पण हातात धरलेलं यंत्र कितीसा वेळ धरणार? टेलिफोन कचेरीत काम करणाऱ्या मुलींना तर दिवसभर ऐकायचं आणि हातांनी तारा जोडायच्या. त्यांच्यासाठी जी श्रवणयंत्रं निघाली ती अवजड. इथं एक माणूस येतो, ज्याचं नाव मी या शोधाआधी कधीच ऐकलं नव्हतं : एर्नेस्त मर्काद्ये. या फ्रेंच अभियंत्याला १८९१ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्याचं यंत्र पन्नास ग्रॅमच्या आतलं, थेट कानाच्या भोकात बसणारं, आणि टोकाला रबर. ते रबर कशासाठी? एक तर कानाला टोचू नये म्हणून आणि दुसरं म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आज आपण दोनशे-तीनशे रुपयांना घेतो ती वस्तू हीच. सव्वाशे वर्षांपूर्वी तिचं मर्म एका माणसाच्या नेमकं ध्यानात आलं होतं : कान बाहेरून बंद केला तर आत हळू बोललं तरी पुरतं.

पुढच्या शंभर वर्षांत जग ही गोष्ट पुन्हापुन्हा विसरत आलं. माझी सगळी तक्रार आहे ती इथं.

अमेरिकेतल्या यूटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थानं १९१० साली आपल्या स्वयंपाकघरात डोक्यावर चढवायचे हेडफोन बनवले आणि नौदलाला पाठवले. नौदलानं आणखी मागवले. मग रेडिओ आला. सुरुवातीच्या क्रिस्टल संचाला ना वीज लागे ना बॅटरी. हवेतून येणाऱ्या लहरींतली जी चिमूटभर शक्ती मिळे तिच्यावरच तो चाले. तेवढ्या शक्तीत कर्णा हलणं शक्य नव्हतं, कानाशी लावलेला पातळ पत्रा तेवढा थरथरे. त्यामुळे जगातला पहिला रेडिओश्रोता हा हेडफोनवालाच होता. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. पुढे दिव्यांचे मोठे संच आले, कर्ण्यातून आवाज दिवाणखान्यात भरला, आणि ऐकणं ही चारचौघांत बसून करायची गोष्ट झाली. हेडफोन उरले ते तारयंत्रवाल्यांकडे आणि वैमानिकांकडे.

१९५४ साली अमेरिकेत रीजन्सी कंपनीचा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर विकायला आला. किंमत जवळपास पन्नास डॉलर. त्याला एक इअरफोनही वेगळा मिळे. एकच, एकाच कानाचा. कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रांसाठी जी बारकी बटणं आधीच निघाली होती, त्यांच्याच घराण्यातला. पुढे तोच आपल्याकडे प्रत्येक पॉकेट ट्रान्झिस्टरबरोबर आला. पन्नाशीच्या वरच्या वाचकांना तो आठवेल : मळकट पांढरा, कडक प्लास्टिकचा, बारीक वळलेली वायर. कानात नीट न बसणारा. मर्काद्येचं रबर कुठंतरी वाटेत गळून पडलं होतं.

या बटणाशी माझा संबंध जुना आहे. आमच्या अब्बांचे इचलकरंजीत चार यंत्रमाग होते. मी बी. ए. करत होतो तेव्हा आणि त्यानंतरही चार-पाच वर्षं रात्रपाळी माझ्याकडे असे. चार माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. अशा खडखडाटात मी रेडिओ ऐके. इअरफोन डाव्या कानात, कारण उजवा कान मागांकडे लागलेला असे. धागा तुटला, धोटा अडकला, तर ते डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. मागाची लय चुकते. कवितेतली चुकलेली मात्रा मला पकडता येत असेल तर ती तालीम तिथली. डाव्या कानातलं बटण बाहेर पडू नये म्हणून वरून कापूस दाबायचा आणि आवाज पूर्ण वर. मागांवर मात करायची तर दुसरा इलाज नव्हता. सांगली केंद्रावरची भावगीतं मी अशी ऐकली आहेत.

इकडे जपानमध्ये सोनीनं १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आणला होता. त्यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी एक नव्हे, दोन छिद्रं होती. शिवाय एक बटण दाबलं की गाणं हळू होई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. एकट्यानंच ऐकत बसणं बरं दिसणार नाही, असं कंपनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांना वाटलं होतं. लोकांनी ते दुसरं छिद्र फारसं वापरलं नाही आणि नंतरच्या मॉडेलांतून ही सोय गेली. ऐकणं हे एकट्याचं झालं ते असं, कुणाच्या योजनेबाहेर.

वॉकमनचे हेडफोन फोमचे, कानावर टेकणारे. १९८२ मध्ये सोनीनंच कानाच्या पाळीत अडकणारं बटण काढलं, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या आयपॉडबरोबरची पांढरी बटणं त्याच वळणाची. दिसायला देखणी, पण कान उघडाच ठेवणारी. बसमध्ये बसलात की इंजिनाचा घरघराट आत, म्हणून आवाज वर. मर्काद्येच्या रबराला खऱ्या अर्थानं परत आणलं ते १९९१ साली, अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये, मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या संस्थेनं. किलियन मुळात श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले. त्यांचा इअरफोन कानाच्या नळीत खोलवर जाई आणि तिला बुचासारखं बंद करी. ती वस्तू तेव्हा महाग होती. पुढे चीनमधल्या कारखान्यांनी त्याच तत्त्वाचे इअरफोन लाखांनी काढले आणि ते आपल्या गल्लीत पोचले.

आता कुणी विचारील की अडीचशे रुपयांत चांगला आवाज कसा शक्य आहे. शक्य आहे, कारण आत असतं तरी काय? पातळ प्लास्टिकचा नखाएवढा पडदा, त्याला चिकटवलेली तारेची बारीक गुंडाळी आणि एक चुंबक. १९८०च्या दशकात नियोडिमियमचे लोहचुंबक निघाले, इवलेसे पण जबर ताकदीचे, आणि पुढे स्वस्तही झाले. येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं घेऊन त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. खर्ज किती, तार किती, कोणता स्वर किती उठतो याचा किमतीशी काही मेळ लागला नाही. महाग वस्तू टिकाऊ असेल, वायर दणकट असेल, ते वेगळं. स्वस्तात काटछाट होते ती बहुतेक जुळणीत : डावा आणि उजवा एकाच तोलाचे निवडून जोडी लावायला वेळ लागतो, आणि वेळेला पैसे पडतात.

म्हणून पारखायचं ते असं. आधी बोंडं बदलून पाहा. डबीत तीन मापांची येतात आणि बहुतेक लोक मधली घालून बाकीची फेकून देतात. माप चुकलं तर फटीतून खर्ज निसटतो आणि आपण म्हणतो, इअरफोनला दम नाही. तबल्याचा बायाँ ऐका. तो घुमतो की नुसता टपटपतो? मग बातम्या लावा. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि उघडी असताना ती अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवते. बोंड घातलं की ही नैसर्गिक देणगी जाते, ती इअरफोन बनवणाऱ्याला आतून भरून द्यावी लागते. हात सैल सुटला की ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे टोचतात. वायर कपड्याला घासली तर कानात खरखर किती होते, तेही चालून पाहा, दुकानात उभं राहून नव्हे. जुनं एकवाटी गाणं लावून आवाज मधोमध येतो का बघा.

आणि सगळ्यात शेवटी, खरं म्हणजे सगळ्यात आधी, हे पाहा : किती हळू आवाजात तुम्हाला प्रत्येक शब्द कळतो? जो इअरफोन कमीत कमी आवाजात कळतो तो चांगला, मग तो केवढ्यालाही मिळो. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली सुरक्षित मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबलला हा वेळ निम्म्यावर येतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास. मागांचा गाळा नव्वदच्या वरच असतो, आणि मी तर त्याच्याही वर रेडिओ चढवत होतो. (रस्त्यावर चालताना मात्र कान बंद करू नका. तिथं हॉर्न ऐकू यायला हवा.)

तर मुलीनं सांगितलं तसे मी इअरफोन उलटे घातले. दोष यंत्रात असता तर बाई आता डावीकडे सरकायला हवी होती. ती उजवीकडेच राहिली.

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून आलेख काढला. उजव्या कानाची रेघ वयाप्रमाणे हळूहळू उतरलेली. डाव्याची ४००० हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात गेलेली आणि पुढे थोडी वर आलेली. मोठ्या आवाजानं कान गेला की खड्डा बहुधा तिथंच पडतो, असं त्यांनी सांगितलं. किती वर्षांपूर्वीचा, ते आलेख सांगत नाही. स्वर मला नीट ऐकू येतात. जातात ती व्यंजनं. ‘स’, ‘त’, ‘फ’. कविसंमेलनात शेजारी डावीकडे बसलेल्या कवीची यमकं मला अलीकडे कच्ची का वाटत होती, ते तिथं उमगलं. त्यांच्या यमकांत काही उणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. पोराला सांगितलं, बाबा, तुझा माल चोख होता, कान माझा खोटा. तो जरा गोंधळला, मग त्यानं खालच्या ड्रॉवरमधून मी परत केलेले दोन्ही इअरफोन काढून समोर ठेवले. म्हणाला, ‘‘हे विकले नाहीत, काका. खराब म्हणून ठेवले होते.’’ मी दोन्हींचे पैसे दिले. एक मुलीनं घेतला. दुसरा मी वापरतो, सर्वांत मोठं बोंड लावून, आवाज निम्म्याच्या खाली. बाई अजून उजवीकडेच बसते.