मान दुखतेय? आधी १७१३ सालात जाऊ

आमच्या टीममध्ये मान न दुखणारा माणूस शोधावा लागतो. सगळे खापर फोडतात मोबाईलवर. पण बैठ्या कामाची दुखणी त्याहून खूप जुनी आहेत.

इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पेशंटला ‘काम काय करतोस?’ हेही विचारा, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं. १७१३च्या आवृत्तीत कारकुनांवर प्रकरण आलं. त्यात दुखण्याची कारणं तीन: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. एका नोटरीचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. काही काळाने डाव्याचीही तीच गत!

रामाझ्झिनी इथे हाताबद्दल बोलतात, मानेबद्दल नाही. पण कारणं ओळखीची वाटतात ना? आपण महागडी खुर्ची घेतो आणि तिसऱ्या कारणाचं नावच काढत नाही. रिलीजच्या आठवड्यात खुर्ची तीच असते, तरी मान जास्त आखडते. म्हणून चांगला फिजिओ आज व्यायाम देतो, अधूनमधून उठायला सांगतो, झोप आणि ताणाबद्दलही विचारतो. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.