दृश्य इतिहासाचा कर्ता

इतिहास लिहिणाऱ्यापेक्षां तो डोळ्यांपुढें उभा करणाऱ्याची जबाबदारी मोठी होय. वाचलेल्या वाक्याविषयीं आपण शंका घेतों. पाहिलेल्या दृश्यावर मात्र सहज विश्वास ठेवतों. ह्या दृष्टीनें श्याम बेनेगल (1934–2024) ह्यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका विचारार्ह आहे.

1962 सालीं ‘घेर बेठां गंगा’ ह्या गुजराती अनुबोधपटानें त्यांनीं आरंभ केला. पुढें कथापटांत कीर्ति मिळवूनही ते अनुबोधपट करीत राहिले; त्यांतील एक नेहरूंवर होता. नेहरूंनीं 1944 सालीं अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत लिहिलेल्या ग्रंथावरून त्यांनीं दूरदर्शनसाठीं 53 भागांची ही मालिका निर्माण केली. 1988 सालीं तिचें प्रक्षेपण सुरू झालें. गोरेगांवच्या चित्रनगरींत उभारलेल्या देखाव्यांतून अशोककाल व शिवकाल घरोघर पोंचले.

परंतु नेहरूंच्या भूमिकेंतील रोशन सेठ मधून मधून पडद्यावर येतात. त्यामुळें हा साक्षात् भूतकाळ नव्हे, एका चिंतकाला झालेलें त्याचें दर्शन आहे, हें प्रेक्षक विसरत नाहीं. त्यांतील शिवचरित्र प्रत्येक महाराष्ट्रीयाला पटेलच असें नाहीं; पण आपला मतभेद कोणाशीं आहे, हें त्याला कळतें.

कर्ता पडद्याआड ठेवून दृश्यालाच प्रमाण मानावयास लावणें सोपें असतें. बेनेगलांनीं तें केलें नाहीं, ह्यांतच त्यांच्या अनुबोधपटाच्या साधनेचें फल दिसतें.