चव धान्याची की पिंपाची?

राय हे गव्हाच्या नात्यातले धान्य. कडक थंडीत आणि हलक्या जमिनीतही ते तग धरते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांनी पेन्सिल्व्हेनिया, मेरीलँड या भागांत त्याची लागवड केली आणि त्यापासून व्हिस्की गाळली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९७ मध्ये माउंट व्हर्नन येथे भट्टी सुरू केली. तिच्यात वापरल्या जाणाऱ्या धान्यातही निम्म्याहून अधिक राय असे.

आज काही उत्पादक ओकच्या पिंपात मुरलेली राय व्हिस्की शेवटचे काही महिने शेरीच्या पिंपात ठेवतात. शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या खेरेस परिसरातली, वरून मद्यार्क घालून तीव्र केलेली द्राक्षांची वाइन. अशा व्हिस्कीची चव पारखणारे सांगतात, की आधी लवंग-मिरीसारखा तिखटपणा जाणवतो, मग व्हॅनिला आणि शेवटी मनुका, अक्रोड. आता मनुका काही रायच्या शेतात पिकत नाहीत. मग या चवीत धान्याचा वाटा किती आणि लाकडाचा किती?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत या प्रश्नाला फार महत्त्व आले होते. साध्या मद्यार्कात पाणी, जळक्या साखरेचा रंग आणि थोडा वास मिसळून तो 'जुनी व्हिस्की' म्हणून सर्रास विकला जाई. १८९७ च्या एका कायद्याने सरकारी देखरेखीखालील कोठारात किमान चार वर्षे ठेवलेल्या मद्याच्या बाटलीला तशी हमी देण्याची सोय केली. पण मुरणे म्हणजे नेमके काय? अस्सल आणि बनावट यांत फरक कसा करायचा? त्यासाठी पिंपाच्या आत काय घडते हे कळायला हवे होते.

क्रॅम्प्टन आणि टॉलमन या रसायनज्ञांनी त्याचा छडा लावायचे ठरवले. वेगवेगळ्या भट्ट्यांमधली ३१ पिंपे त्यांनी निवडली आणि आठ वर्षे दर वर्षी त्यांतून नमुने घेऊन तपासले. मद्यार्क, आम्ले, एस्टर, रंग, विरघळलेले घन पदार्थ अशा सर्वांचे मोजमाप केले. निष्कर्ष १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांनी बऱ्याच समजुतींना धक्का दिला. फ्यूजेल तेल, म्हणजे भट्टीतून मद्यार्काबरोबर येणारी जड अल्कोहोले, मुरताना नाहीशी होतात आणि म्हणून व्हिस्की मऊ होते, असे मानले जाई. प्रत्यक्षात ती कमी झालीच नव्हती. पिंपातून पाणी अधिक उडून जाऊन मद्यार्काचे प्रमाण वाढले, त्याच हिशेबाने तीही वाढली होती. व्हिस्कीचा रंग आणि तिचा तेलकट दाटपणा आला होता तो आतून जाळलेल्या ओकच्या लाकडातून. न जाळलेल्या लाकडात ठेवलेल्या व्हिस्कीत तो दाटपणा जवळजवळ नव्हताच. शिवाय आम्ले आणि एस्टर यांचा तोल तीन-चार वर्षांत साधला जातो, असेही दिसले.

जाळल्याने लाकडात काय होते, हे आज आपल्याला अधिक नेमकेपणाने ठाऊक आहे. लाकडातल्या हेमिसेल्युलोजपासून जळक्या साखरेसारखी चव देणारे पदार्थ तयार होतात आणि लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलिन मिळते. व्हॅनिलाच्या शेंगेतही तेच असते.

पण आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष. राय व्हिस्कीत आम्ले, एस्टर आणि घन पदार्थ हे तिन्ही मक्यापासून केलेल्या बर्बनपेक्षा जास्त आढळले. हा रायचाच गुण, असे कोणीही म्हटले असते. या दोघांनी मात्र कोठारांकडे बोट दाखवले. रायची कोठारे बहुतेक सगळीकडे हिवाळ्यात तापवली जात, बर्बनची नाही. उबेमुळे लाकडातून पदार्थ अधिक उतरत होते. जे श्रेय धान्याला मिळाले असते, ते कोठारातल्या उष्णतेचे होते.

याचा अर्थ रायला स्वतःची चव नाही, असा मात्र नव्हे. सुगंधाचे अनेक पदार्थ इतके अल्प असतात, की त्या काळच्या पद्धतींनी ते पकडता येत नसत. त्यासाठी १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी मांडलेल्या वायू क्रोमॅटोग्राफीची वाट पाहावी लागली.

शेरीच्या पिंपाची कथाही मूळची योगायोगाचीच. शेरी पिंपांतून ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे स्कॉटलंडमधले व्हिस्कीवाले स्वस्तात घेत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरण्याचा नियम आला आणि हा पुरवठा आटला. आता मुद्दाम पिंपे बनवून त्यांत काही काळ शेरी ठेवतात. लाकडात मुरलेली ती शेरी नंतर व्हिस्कीत उतरते. चव पारखणाऱ्यांना लागणाऱ्या मनुका येतात त्या इथून.

पण हे तरी खात्रीने कसे म्हणायचे? तीच व्हिस्की, तितकेच महिने, त्याच कोठारात, पण पहिल्याच पिंपात ठेवून शेजारी तुलनेला घ्यायला हवी. एरवी आपण वाढत्या वयाचे किंवा हवामानाचे श्रेय शेरीला देऊन मोकळे होऊ.

मद्य आरोग्याला अपायकारक आहे आणि ते वर्गात न्यायचे कारणही नाही. हाच धडा दोन कुंड्यांवर गिरवता येईल. खत घातलेली कुंडी मुलांनी खिडकीत ठेवली आणि बिनखताची कोपऱ्यात, तर खिडकीतले रोप जोमाने वाढेल. 'खतामुळे,' असे मुले एका सुरात सांगतील. तेव्हा लगेच चूक सांगू नये. दोन कुंड्यांमध्ये आणखी कोणता फरक होता, एवढेच विचारावे आणि थांबावे.