दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, जटपुरा गेट

आदल्या रात्री ९.३०. आपत्तीला १६ तास ४० मिनिटं

गडचिरोलीतलं कोणतंही एक घर घ्या. आई, बाबा, आजी, चार वर्षांची थोरली, अडीच वर्षांचा धाकटा. एप्रिलमधला सुट्टीचा दिवस उद्यावर आलेला. "लेकरायले चंद्रपूर दाखवून आणू," बाबा म्हणतात आणि एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर यादी करतात. महाकालीचं दर्शन. बाबूपेठचा रावण. हॉटेलात जेवण. लग्नाच्या साड्या. रामाळा तलाव. येताना मूलला नातेवाइकांकडे चहा. सहा कामं, आणि त्यांतली लेकरांची फार तर दोन: रावण आणि तलाव. तलाव यादीत पाचवा आहे, म्हणजे तो कुणालाच दिसणार नाही. बाकी चार कामं मोठ्यांची. सहलीला नाव तेवढं लेकरांचं.

लेकरं हे सगळं ऐकतात आणि आनंदाच्या भरात अकरापर्यंत जागतात.

पहाटे ५.३०. आपत्तीला ८ तास ४० मिनिटं

दोघांना उठवलं जातं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसकट चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, त्याहून लहानाला ११ ते १४. इथं रात्रीचे साडेसहा तास झालेत. ही उधारी दुपारपर्यंत वसूल होणार, व्याजासकट.

७.१५. आपत्तीला ६ तास ५५ मिनिटं

निघायचं होतं सहाला. धाकट्याची एक चप्पल मिळत नव्हती. आजीने गच्चीवर वाळत घातलेल्या मोहफुलांत ती अखेर सापडली. आता ती त्याच्या पायात आहे आणि गाडीभर मोहाचा वास आहे.

७.३०. वैनगंगेचा पूल

पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ही हद्दच नव्हती, अलीकडे-पलीकडे सगळा एकच जिल्हा होता. सिरोंचा-अहेरीच्या माणसालाही मुख्यालयाच्या कामासाठी चंद्रपूर गाठावं लागे. जिल्हा वेगळा झाला, पण सवय राहिली: चंद्रपूरला जायचं ते कामं उरकायला. एवढे ८० किलोमीटर तेल जाळून जायचं आणि एकच काम करून यायचं, हे इथल्या मनाला पटत नाही. "आलोच आहो तं" हे तीन शब्द या रस्त्यावर जितके बोलले जातात तितके क्वचितच कुठे बोलले जात असतील. आजच्या दिवसाचं वाटोळं तेच करणार आहेत.

व्याहाडच्या पुढे थोरली ओकते. गाडी थांबते, पाणी, लिंबू, पुन्हा रवाना.

८.२५. मूल, बसस्थानक. आपत्तीला ५ तास ४५ मिनिटं

आलूबोंडा, चहा. इथं एक गोष्ट घडते जी यादीत नाही. थोरली लाल बसेस मोजायला लागते. एक आली, दोन आल्या, एक मागं-मागं सरकते आणि कंडक्टर पत्र्यावर थाप मारत "येऊ दे, येऊ दे" करतो. धाकटाही गाडीच्या दारावर थापा मारून "येऊ दे" म्हणायला लागतो. दोघं हसतात. कुणी रडत नाही, कुणी काही मागत नाही.

खरं तर सहल इथंच झालेली आहे. इथून गाडी उलटी फिरवली असती तरी लेकरांनी वर्षभर बसेसच्या गोष्टी सांगितल्या असत्या. बाबा घड्याळ बघतात.

९.१०. चिचपल्लीचं जंगल. आपत्तीला ५ तास

मोठ्यांची नजर दुतर्फा झाडीत. वाघाचा पट्टा आहे, दिसला तर दिसला. लेकरं मात्र झोपलेली. "बरं झालं, झोप झाली," आई म्हणते. दिवसातला सर्वांत महाग गैरसमज तो हाच. गाडीतली पंचवीस मिनिटांची डुलकी थकवा घालवत नाही, फक्त झोपेची पहिली गरज मारते. दुपारी एकला जी दीड तासाची गाढ झोप लागायची, ती आता लागणार नाही. लेकरू थकलेलं असेल, पण झोपू शकणार नाही. बंगाली कॅम्पच्या चौकात हॉर्नच्या गोंगाटाने दोघं दचकून उठतात.

१०.३०. महाकाली मंदिर. आपत्तीला ३ तास ४० मिनिटं

चैत्र आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं. गोंडराणी हिराईने उभारलेल्या या देवळात चैत्राची यात्रा भरते आणि नांदेडकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं येतात. झरपट नदीच्या काठापर्यंत गर्दी, रांग लांबच लांब. चपला बाहेर, फरशी तापलेली. धाकटा एका पायावर उभा राहतो, मग दुसऱ्या, मग बाबांच्या खांद्यावर. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त ठिकाणांची यादी निघाली की चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी तिच्यात असतातच. मोठ्यांपेक्षा लहान अंग लवकर तापतं, कारण वजनाच्या मानाने त्याचा ऊन खाणारा पृष्ठभाग जास्त असतो. दर्शनाला सव्वा तास लागतो. बाहेर प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर घेतला जातो. त्याचं चाक बाबूपेठ येईपर्यंत निघतं.

१२.०५. बाबूपेठ-लालपेठ. आपत्तीला २ तास ५ मिनिटं

रायप्पा कोमटी नावाच्या व्यापाऱ्याला भलं मोठं देऊळ बांधायचं होतं, असं सांगतात. मूर्ती घडल्या, देऊळ राहिलं. त्या प्रचंड दगडी मूर्ती अजून उघड्यावर आहेत. त्यांतल्या दहा तोंडांच्या मूर्तीला अभ्यासक दुर्गा म्हणतात, गाव रावण म्हणतं. थोरली गावाच्या बाजूने आहे. ती तोंडं मोजते, चुकते, पुन्हा मोजते. धाकटा खडे वेचून नुसता एका रेषेत मांडतो.

नऊ मिनिटांनी आई म्हणते, "चाला, जेवायला उशीर होईल." ज्याच्यासाठी ८० किलोमीटर आले, त्याला नऊ मिनिटं. रायप्पाचंही असंच झालं असणार, यादी मोठी आणि वेळ कमी. थोरलीचा हात ओढला जातो. पहिलं खरं रडं इथलं.

१.००. हॉटेल

थाळीला पस्तीस मिनिटं. भाजीवर तर्रीचा लाल थर. लेकरं पापड खातात आणि थंड पेय पितात, दीड ग्लास. हे लक्षात ठेवा.

१.४०. साड्या. आपत्तीला ३० मिनिटं

"घरी चाला ना, बाबा," थोरली म्हणते. हा शेवटचा इशारा, आणि तो स्पष्ट शब्दांत आहे. इतकं नीट सांगणारं लेकरू नशिबानेच मिळतं.

"आलोच आहो तं पाहून घेऊ, पंधरा मिनिटं."

दुकानदार गादीवर एकोणीस साड्या उलगडतो. धाकटा विसाव्या साडीखाली जाऊन बसतो.

२.००. जटपुरा गेट. आपत्तीला १० मिनिटं

गोंडराजांच्या परकोटाला चार मोठे दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. बांधले तेव्हा त्यांतून हत्ती जात. आता जटपुऱ्याच्या तोंडाशी ऑटो, दुचाक्या, एक मालवाहू टेम्पो आणि ही गाडी आहे. कमानीवर हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरलाय. आजी तो दाखवायला जाते. कुणी बघत नाही.

२.०७. "शी लागली," धाकटा म्हणतो.

पुढे ऑटो, मागे टेम्पो. स्वच्छतागृह कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही, कारण यादी करताना ते कुणी विचारलंच नव्हतं.

२.१०.

धाकट्याला आता लागलेली नाही. झालेली आहे. थोरली वास घेते आणि चाक निघालेला ट्रॅक्टर भावाच्या दिशेने फेकते. तो आजीच्या चष्म्याला लागतो. दोन्ही लेकरं एकदम, श्वास न घेता, पूर्ण ताकदीनिशी रडतात. बाबा ओरडतात, आई बाबांवर ओरडते. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतो आणि आजी, जिने दिवसभर एक शब्द काढला नव्हता, काच खाली करून त्याला जे सुनावते ते इथं छापता येत नाही.

२.४५. लोहाऱ्याच्या पुढे

दोघं गाढ झोपलेली. थोरली घाणेरड्या फ्रॉकवर, धाकटा नव्या साडीच्या पिशवीत गुंडाळलेला, कारण बदलायची चड्डी एकच आणली होती आणि ती व्याहाडलाच थोरलीचं तोंड पुसण्यात गेली. मूलचा चहा रद्द.

तेव्हा, जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. नोव्हेंबर ते जानेवारीत जा. यादीत एकच नाव ठेवा, लेकरांनी सांगितलेलं, आणि तिथं दहाच्या आत पोचा. जेवण घरचं न्या, दशम्या आणि दही. साडेअकराला गाडी परतीला लावा म्हणजे दुपारची झोप रस्त्यातच पुरी होईल. मूलच्या बसस्थानकावर अर्धा तास जास्तीचा ठेवा. साड्यांना मोठ्यांनी वेगळ्या दिवशी जावं, लेकरं आजीजवळ ठेवून, आजीला आधी विचारून. आणि चड्ड्या चार न्या.