जुन्या गिटारचा सैल फ्रेट: ओळखायचा कसा आणि बसवायचा कसा?

एरवी मी इथे फोनची बॅटरी, स्टोरेज, अ‍ॅप्सच्या परवानग्या असल्या गोष्टींवर लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी यूट्यूब बघून शिकायचं म्हणून सेकंडहँड गिटार घेतलेली असेल. आणि त्यातल्या काही जणांनी दोन-तीन महिन्यांत "आपल्याला जमत नाही" म्हणून ती कपाटावर टाकलीही असेल. माझ्या धाकट्या बहिणीचं हेच होणार होतं.

झालं असं की मी ठाण्याच्या एका मुलाकडून २,८०० रुपयांना एक अकूस्टिक गिटार घेतली. ती तीन-चार पावसाळे कोकणात राहिलेली होती. बहिणीला हवी होती म्हणून मी ती अकोल्याला घरी पाठवली. मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा गिटार भिंतीला टेकवून ठेवलेली, वर धूळ. विचारलं तर म्हणाली, "दादा, एफ कॉर्ड येतच नाही. माझी बोटंच आखूड आहेत."

एफ कॉर्ड सगळ्याच नवशिक्यांना छळते, त्यामुळे मलाही ते खरं वाटलं. पण मी स्वतः पहिली तार पहिल्या फ्रेटवर एका बोटाने चांगली जोर लावून दाबली आणि छेडली. झर्रर्र! बोटं माझी होती, दाबही भरपूर होता, तरी आवाज तोच. म्हणजे गडबड गिटारमध्ये होती.

आधी फ्रेट म्हणजे नेमकं काय

गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सतारीला आपण पडदे म्हणतो तेच, पण फरक मोठा आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणारा ते वर-खाली सरकवू शकतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकून बसवलेला असतो. त्याचा आडवा छेद इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो: वर गोलसर डोकं, खाली पातळ पातं. हे पातं लाकडात करवतीने पाडलेल्या सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद खाचेत जातं, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना बारीक दाते असतात ते लाकूड पकडून ठेवतात. बऱ्याच गिटारमध्ये ना स्क्रू, ना खिळा. दात्यांची पकड, बस्स.

धातू बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हर असतो, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नावात चांदी आहे, आत नाही.

फ्रेटच्या जागा गणितात पक्क्या असतात. प्रत्येक पुढचं अंतर आधीच्या अंतराच्या सुमारे ९४.४ टक्के, आणि बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. उंची मात्र लाकूड आणि पकड यांच्या भरवशावर असते. फ्रेटचं डोकं लाकडाच्या वर जेमतेम १ ते १.४ मिलिमीटर असतं. त्यामुळे कागदाच्या जाडीइतका जरी एखादा फ्रेट वर आला, तरी आधीच्या फ्रेटवर दाबलेली तार त्याला घासायला लागते.

इथेच लोक फसतात. आवाज येतो पहिल्या फ्रेटवर दाबल्यावर, पण दोषी असतो पुढचा, म्हणजे दुसरा. आम्हा प्रोग्रामरना याची सवय असते: एरर दिसते एका ओळीवर, चूक असते भलत्याच ओळीत.

सैल का होतो?

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात कोकणात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. मे महिन्यात दुपारी विदर्भात ती २०-२५ टक्क्यांच्या आसपास येते. गिटारला मानवते ती ४५ ते ५५ टक्के. फुगणं-आकसणं, फुगणं-आकसणं असं वर्षानुवर्षं चाललं की खाचेची पकड ढिली पडते. लाकूड रुंदीत आकसतं, धातू मात्र तेवढाच राहतो, म्हणून फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर डोकावतात. मानेच्या कडेवरून हात फिरवला आणि करवतीसारखं टोचलं, तर समजा गिटार कोरडी पडली आहे. आमची टोचत होती.

स्वस्त गिटारमध्ये आणखी एक कारण असतं. फ्रेटबोर्ड वरून किंचित गोलाकार असतो. फ्रेट बसवण्याआधी त्या गोलाईपेक्षा थोडा जास्त वाकवावा लागतो, म्हणजे ठोकल्यावर त्याची टोकं खालीच दाबलेली राहतात. घाईत कमी वाकवलेला फ्रेट बसवला तर तो स्प्रिंगसारखा सरळ व्हायला बघतो आणि टोकं वर येतात. म्हणून सैल फ्रेट बहुतेक वेळा टोकाला सुटतो, म्हणजे पहिल्या किंवा सहाव्या तारेखाली.

उंच की सैल? इथे घाई करू नका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हा भाग नीट वाचा. वर आलेला फ्रेट दोन प्रकारचा असू शकतो. एक, तो घट्ट बसलेला आहे पण खरंच शेजाऱ्यांपेक्षा उंच आहे. दोन, तो सुटून वर आला आहे. दिसायला दोन्ही सारखेच. पहिल्याला कानस लागते. दुसऱ्याला कानस लावली तर फ्रेट संपला.

हे मी अनुभवाने सांगतोय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हॉस्टेलवर मी मित्राच्या गिटारचा 'उंच' फ्रेट कानशीने घासून शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणला. आवाज गेला, मी खूष. काही महिन्यांनी त्याने गिटार कारागिराकडे नेली. त्याने तोच फ्रेट अंगठ्याने दाबला आणि तो खाचेत खाली गेला. आता तो शेजाऱ्यांपेक्षा बुटका झाला होता, आणि त्यावर दाबलेली तार पुढच्या फ्रेटला घासत होती. घासलेला धातू परत कुठून आणणार? पूर्ण फ्रेट बदलावा लागला, पैसे मी दिले.

म्हणून आधी तपासणी. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू घरातच असतात: जुनं एटीएम कार्ड, फोन आणि आईस्क्रीमची काडी.

तारा सैल करून बाजूला करा. कार्डाची लांब कड ८५.६ मिलिमीटर असते. साधारण ६५० मिलिमीटर स्केलच्या गिटारवर पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचं अंतर सुमारे ६७ मिलिमीटर आहे, म्हणजे कार्ड एका वेळी बरोबर तीन फ्रेटवर बसतं. तारेच्या दिशेने कड टेकवा आणि दोन्ही टोकांवर आळीपाळीने हलका दाब द्या. डुगडुगलं तर मधला फ्रेट वर आहे. फ्रेट पुढे दाट होत जातात, म्हणून दहाव्याच्या आसपास कार्डाची आखूड कड वापरा. स्टीलची छोटी पट्टी असेल तर अजून चांगलं. वापरून वाकलेलं कार्ड खोटं बोलतं.

मग फोनचा टॉर्च लावा. फ्रेटच्या एका बाजूने प्रकाश टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने डोळा फ्रेटबोर्डच्या पातळीत आणून बघायचं. डोक्याखालून प्रकाशाची रेघ दिसली, तर फ्रेट बसलेला नाही. तरी खात्री वाटत नसेल तर कॅमेरा टोकाजवळ धरून स्लो मोशन लावा आणि काडीने टोक दाबा. डोळ्यांना न दिसणारी हालचाल व्हिडिओत झूम करून दिसते.

शेवटची चाचणी तारा परत लावून. मी पहिली तार पहिल्या फ्रेटवर दाबून छेडत राहिलो आणि बहिणीने त्याच वेळी दुसऱ्या फ्रेटचं टोक काडीने दाबून धरलं. झर्रर्र बंद, स्वर स्वच्छ. काडी उचलली, झर्रर्र सुरू. तिने हे सात-आठ वेळा करून बघितलं. नंतर म्हणाली, "म्हणजे डी कॉर्डमध्ये पहिली तार ठस्स वाजते, तेही यामुळेच?" बरोबर. डी कॉर्डमध्ये पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर दाबली जाते. फ्रेट स्वतःच हलत असेल तर तो तारेची ऊर्जा खातो आणि स्वर लगेच मरतो. फ्रेट सैल असल्याची ही आणखी एक खूण.

बसवायचा कसा

तारा पूर्ण काढा. मानेखाली, नेमक्या त्या फ्रेटच्या खाली, तांदळाची छोटी पिशवी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवा. खाचेच्या टोकाशी साचलेला मळ जुन्या टूथब्रशने काढा.

आता सपाट लाकडी ठोकळ्याने टोक दाबून बघा. खाली जाऊन तिथेच राहिलं तर नायलॉनच्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके पुरतात. लोखंडी हातोडी नको, फ्रेटवर खड्डे पडतात. पण बहुतेक वेळा हात काढला की टोक पुन्हा वर येतं. आमचं आलं. मग गोंद लागतो.

गोंद म्हणजे फेविक्विकसारखा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट. जेल चालणार नाही, कारण तो फटीत शिरत नाही. पातळ गोंद आपणहून आत ओढला जातो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात तुम्हाला वेळ कमी मिळेल, अकोल्याच्या मेमध्ये थोडा जास्त. काहीही असलं तरी गोंद न लावता क्लॅम्पची एकदा रंगीत तालीम करा. ठोकळा कुठे, क्लॅम्प किती फिरवायचा, सगळं. गोंद लावल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

ठोकळा आणि फ्रेट यांच्यामध्ये दुधाच्या पिशवीचा धुऊन वाळवलेला तुकडा ठेवा. त्या प्लास्टिकला हा गोंद नीट चिकटत नाही, नाहीतर ठोकळाच गिटारला कायमचा बसायचा. मग टूथपिकने मानेच्या कडेला, खाचेच्या उघड्या तोंडाशी एक थेंब, आणि सुटलेल्या भागात फ्रेटच्या डोक्याला लागून एक-दोन बारीक थेंब. काही सेकंद आत जाऊ द्या आणि क्लॅम्प आवळा. मानेच्या मागच्या बाजूलाही कापड हवं, नाहीतर पॉलिशवर वळ उठतो. मी तासभर तसंच ठेवलं आणि तारा दुसऱ्या दिवशी चढवल्या.

खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. सांडलेला गोंद सुती कापडाने किंवा कापसाने पुसू नका. सुतावर हा गोंद झपाट्याने घट्ट होतो आणि चटका बसेल इतका तापतो. बोटं चिकटली तर अ‍ॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, पण ते गिटारजवळ आणू नका. पॉलिश आणि कडेची प्लास्टिकची पट्टी विरघळू शकते.

गोंद लावणं म्हणजे कायमचं बिघडवणं नाही का, असं काही जण विचारतात. नाही. सोल्डरिंग आयर्नने फ्रेट तापवला की गोंद मऊ पडतो आणि कारागीर फ्रेट काढू शकतो. कानशीला मात्र परतीचा रस्ता नाही.

गोंद वाळल्यावर कार्डाची चाचणी पुन्हा करा. फ्रेट घट्ट बसूनही कार्ड डुगडुगत असेल, तर तो खरंच उंच आहे. मग सगळे फ्रेट समपातळीत आणून त्यांची डोकी परत गोल करावी लागतात. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याला द्या. साउंडहोलच्या जवळचे, म्हणजे बॉडीवर येणारे फ्रेटही घरी ठोकू नका. तिथे खाली पोकळ पेटी असते. आणि चार-पाच फ्रेट एकदम सैल निघाले तर एकेकाला गोंद लावत बसण्यापेक्षा आधी खर्च विचारा. कधीकधी दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडते.

टोकं टोचत होती ती मी मेमध्ये घासली नाहीत. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती बरीचशी आत जातात, उरली तर तेव्हा बघू. तोपर्यंत गिटार कव्हरमध्ये ठेवायची आणि आत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. आर्द्रता मोजायला छोटा हायग्रोमीटर मिळतो. फोनवरचं हवामानाचं अ‍ॅप बाहेरची आर्द्रता दाखवतं, खोलीतली नाही. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये आर्द्रतेचा सेन्सर होता, पण ती सोय पुढे फोनमध्ये रुळली नाही.

सेकंडहँड गिटार घ्यायला जाल तेव्हा कार्ड खिशात असतंच. विकणाऱ्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, पाच-दहा मिनिटं लागतात. मी ठाण्यात हे केलं नव्हतं. फक्त सी आणि जी वाजवून पैसे दिले, आणि त्या दोन्ही कॉर्डमध्ये पहिली तार पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबलीच जात नाही.

बहिणीची एफ कॉर्ड अजून पूर्ण स्वच्छ येत नाही. दुसरी तार अधूनमधून अडखळते. कार्ड लावून बघितलं, तिथे फ्रेट ठीक आहे.